पट्टा की बाकडं?

वडोदऱ्याच्या कमाटीबागेत सकाळी दोन प्रकारचे कंबरदुखीवाले भेटतात. एक, सदऱ्यावरूनच एलएस बेल्ट, म्हणजे कंबरेचा रुंद पट्टा, आवळून एका दमात फेरी मारणारे. दुसरे, बाकडं दिसलं की टेकणारे. मी आठ महिने पहिल्यांत होतो, आता दुसऱ्यांत आहे. निःपक्षपाती वगैरे समजू नका.

पट्टा बांधल्या बांधल्या धीर येतो, हे खरं. पण वडोदऱ्याच्या मे महिन्यात दहा मिनिटांत बनियन त्याखाली चिंब होतं, नि बसलं की वरची कड बरगडीत रुतते. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यविषयक संस्थेची 2016 ची मार्गदर्शक सूचना तर स्पष्टच म्हणते की कंबरदुखीला पट्टे देऊ नका. सामान हलवायच्या दिवशी तासभर बांधलात तर मी भांडणार नाही, रोजच्या चालण्याला मात्र नको.

बाकड्याची रीत अशी: कळ यायची वाट न पाहता बसायचं. मी पाच मिनिटं चालतो, दोन मिनिटं बसतो, कोपरं मांडीवर टेकवून पुढे झुकतो. वयोमानाने मणक्यातली नसांची नळी अरुंद झाली असेल, तर उभं राहिल्यावर ती आणखी आवळते आणि पुढे वाकल्यावर जरा मोकळी होते. म्हणून तर मॉलमध्ये ट्रॉलीवर रेलून तासभर फिरता येतं आणि रावपुऱ्याच्या बाजारात दहा दुकानं होईतो पाय भरून येतात! अशांना सायकलही सोसते.

पण तुमचं उलट असेल, म्हणजे बसलं-वाकलं की दुखतं आणि चाललं की बरं वाटतं, तर मणक्यांमधली गादी सरकलेली असू शकते. तेव्हा बाकडं महागात पडेल. उभ्यानेच थांबा, कंबरेवर हात ठेवून किंचित मागे झुका.

पायातली ताकद गेली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर पट्टा नको नि बाकडंही नको, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

चालणं मात्र सोडू नका. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या 701 जणांवर ऑस्ट्रेलियात झालेला अभ्यास 2024 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्ध्या तासापर्यंत चालणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं 208 दिवसांत उलटलं, बाकीच्यांपैकी निम्म्यांचं 112 दिवसांतच.

बागेत साडेसहाच्या आत पोचा. नंतर बाकडी गप्पावाल्यांची.