जादा देणगी परत मागणारा प्रायोजक

अमिगा या जुन्या घरगुती संगणकांना वाहिलेले एक ऑनलाइन त्रैमासिक मी गेली सहा वर्षे एकटीने चालवते. त्याच्या निधीतून आणि माझ्या पदरातून मिळून ३,१७५ डॉलर आणि १० सेंट एका भामट्याने नेले, आणि त्यातला मोठा भाग मी स्वतःच्या हाताने त्याला पाठवला, हे लिहिताना आजही मान खाली जाते. तरी लिहीत आहे, कारण जुन्या किंवा आडवाटेच्या संगणकांसाठी नियतकालिक काढणारी बहुतेक माणसे माझ्यासारखीच संपादन, मांडणी आणि हिशेब एकहाती सांभाळतात, आणि हा डाव नेमका अशाच माणसांवर टाकला जातो.

जास्त रक्कम पाठवून फरक परत मागण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होती. पण ती वस्तू विकणाऱ्यांच्या बाबतीत घडते अशी माझी समजूत होती, आणि मी काही विकत नव्हते.

वर्षभराच्या चार अंकांत पानभर जाहिरात हवी, त्यासाठी १,२०० डॉलर देऊ, असे त्या भामट्याचे पत्र सुटे भाग बनवणारा प्रायोजक म्हणून आले. आमचा वार्षिक खर्च ६४० डॉलर आणि वाचकांच्या देणग्या महिन्याला सरासरी ४५ डॉलर, त्यामुळे ही रक्कम आमच्यासाठी फार मोठी होती. परंतु अविश्वसनीय नव्हती, हे मी ठामपणे सांगते. अमिगा बनवणाऱ्या कमोडोर कंपनीने १९९४ मध्ये दिवाळे काढल्यापासून या संगणकांचे सुटे भाग बऱ्याच अंशी हौशी माणसे आणि लहान कारखानदार थोड्या थोड्या संख्येने बनवत आले आहेत, आणि असा नाव न ऐकलेला उत्पादक अचानक पुढे येणे यात काही वावगे नसते. जुन्या संगणकांच्या चाहत्यांत पैसा असतो हेही खरे आहे: झेडएक्स स्पेक्ट्रम नेक्स्ट या जुन्या संगणकाच्या नव्या अवतारासाठी २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर सात लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली होती. शिवाय त्याने अमिगा ५०० प्लसच्या गळक्या बॅटरीवरचा माझा लेख वाचलेला होता आणि त्यातील वाक्ये पत्रात उद्धृत केली होती. आपले लिखाण कोणी इतक्या बारकाईने वाचले म्हटल्यावर मन विरघळते, आणि माझे विरघळले.

त्याच पत्रात एक वाक्य होते, जे मी आता कितीदा वाचले असेल याची गणती नाही. ‘आम्ही अमिगा १२०० च्या मदरबोर्डवरील बॅटरीचे बदली संच बनवतो.’ अमिगा १२०० च्या मदरबोर्डवर बॅटरी नसते! त्या यंत्रात गळतात ते कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग. बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाऊन टाकते ती अमिगा ५०० प्लस आणि अमिगा २००० या यंत्रांत. ही गोष्ट मी स्वतः छापलेली आहे, नवख्या वाचकांना पत्रोत्तरांत समजावलेली आहे, आणि तरीही ते वाक्य वाचून ‘घाईत चुकून लिहिले असेल’ अशी सबब मी त्याच्या वतीने शोधली. त्याच आठवड्यात दोन दिवसांत एकेक डॉलरच्या अकरा देणग्या आल्या होत्या, त्याही मी वाचकसंख्या वाढल्याची खूण मानल्या. चोरलेली कार्डे चालतात की नाही हे अशाच क्षुल्लक रकमांनी तपासतात. तुमच्याकडे अशी रांग लागली तर देणगीचे पान त्याच क्षणी बंद करा.

मग १,२०० ऐवजी ४,२०० डॉलर जमा झाले. सहायकाच्या हातून आकडा चुकला, वरचे ३,००० परत करावेत, अशी विनंती आली. व्यवहाराच्या नोंदीशेजारी ‘रिफंड’ची कळ असते आणि तिने हवी तेवढी रक्कम मूळ कार्डावर परत जाते. मी तसे करणार होते. तो म्हणाला, ते कार्ड रद्द झाले आहे, आमच्या कंत्राटदाराच्या बँक खात्यावर पाठवा. रद्द झालेल्या कार्डावर आलेला परतावाही सामान्यतः ते कार्ड देणारी बँक आपल्या ग्राहकापर्यंत पोहोचवते, एवढे मी तेव्हा विचारून घेतले असते तर पुढचे काहीच घडले नसते. अंक दोन दिवसांवर आला होता, त्याची पत्रे तासातासाला येत होती, आणि मी ३,००० डॉलर तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर पाठवले. बँकेने वर ३८ डॉलर शुल्क घेतले.

एकोणिसाव्या दिवशी कार्डाच्या खऱ्या मालकाने हा व्यवहार आपण केलेला नाही अशी हरकत घेतली आणि पूर्ण ४,२०० डॉलर आमच्या खात्यातून वळते झाले. हरकतीचा दंड १५ डॉलर. मूळ व्यवहारावर शुल्क म्हणून कापलेले १२२ डॉलर १० सेंट परत मिळाले नाहीत. निधीत वाचकांचे १,८६० डॉलर साठलेले होते, ते सर्व गेले, आणि उरलेले १,३१५ डॉलर १० सेंट मी भरले. खात्यात दिसणारी रक्कम म्हणजे मिळालेली रक्कम नव्हे. हरकत घेण्याची मुदत अनेकदा १२० दिवसांपर्यंत असते.

त्यानंतर जे सोसले त्याचा संताप चोरीपेक्षा अधिक आहे. देणग्या स्वीकारून देणाऱ्या कंपनीने पुरावा मागितला. मी चौदा पत्रे जोडली, आणि एकेचाळीस दिवसांनी एका ओळीत ‘निर्णय कार्डधारकाच्या बाजूने’ असे कळवले. ती पत्रे कोणी उघडली तरी होती का, हे मला कोणीही सांगितले नाही. माझ्या बँकेचे म्हणणे, रक्कम तुम्ही स्वतः मंजूर केलीत. ज्या बँकेत ती रक्कम गेली तिचे म्हणणे, तुम्ही आमच्या ग्राहक नाही. सायबर तक्रारीच्या अर्जात ग्राहक आणि विक्रेता एवढेच पर्याय होते, देणगी घेणाऱ्यासाठी रकानाच नव्हता. अधिकाऱ्याने फोनवर सांगितले की कायद्याने फसवणूक झाली ती कार्डमालकाची, तुमची नाही. मग ३,००० डॉलर ज्या खात्यात गेले, ते ज्याच्या नावावर आहे त्याला साधा प्रश्न विचारणे कोणाचे काम होते? खाते क्रमांक, तारीख, वेळ, सर्व मी लिहून दिले होते. चार ठिकाणी चार वेळा तीच हकीकत सांगितली आणि प्रत्येकाने पुढच्याचा पत्ता दिला. पैसे सोडवून देतो म्हणणारे ‘वसुली तज्ज्ञ’ मात्र आठवड्यात हजर झाले. त्यांना एक पैसाही देऊ नका, ती याच चोरीची पुढची पायरी असते.

प्रायोजकाची रक्कम देणगीच्या पानावरून घेऊ नका, बीजक करून वेगळी घ्या. आमच्या पानावर आता एका वेळी २०० डॉलरची कमाल मर्यादा आहे, आणि परतावा फक्त आलेल्या मार्गानेच जातो हे तिथे ठळक लिहिले आहे. गेलेल्या रकमेचा पूर्ण हिशेब मी ताज्या अंकाच्या दुसऱ्या पानावर छापला. तक्रारीच्या क्रमांकापुढे अजूनही ‘प्रक्रियेत’ एवढाच शब्द दिसतो.