काच फोडून चोरी झाली तर घरपोच काच बसवणारी सेवा घ्यावी का?

पुण्यात गाडीची काच बदलायचे तीन मार्ग आहेत. कंपनीचं सर्व्हिस सेंटर, नाना पेठेतून काच आणून फिटरकडून बसवून घेणं, आणि पार्किंगमध्ये येऊन काम करणारी घरपोच सेवा. दाराच्या काचेसाठी आमचा कौल घरपोच सेवेला, पण एका अटीवर: फिटरने डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) उतरवून दार आतून साफ केलंच पाहिजे.

फिटरला बोलावण्याची घाई मात्र करू नका. आधी काही न आवरता फोटो काढा, नंबर प्लेटसकट. 112 ला कळवा, मग ठाण्यात एफआयआर. पोलिसांच्या वेबसाइटवरची हरवलेल्या वस्तूंची ऑनलाइन नोंद चोरीसाठी नसते, विम्याला तिचा उपयोग नाही. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. लॅपटॉपचा सिरियल नंबर, मोबाइलचा आयएमईआय (प्रत्येक हँडसेटचा वेगळा ओळख क्रमांक) बिलावर किंवा खोक्यावर सापडतो, तो फिर्यादीत लिहून घ्या. एफआयआर हातात आली की मोबाइल सीईआयआर या सरकारी पोर्टलवर ब्लॉक करता येतो. गाडीची दुसरी किल्लीही गेली असेल, तर गाडी त्याच जागी रात्रभर ठेवू नका.

दाव्याचा विचार असेल तर काच बसवण्याआधी विमा कंपनीला कळवा. कंपनीचा सर्व्हे, म्हणजे नुकसानीची पाहणी, होण्याआधी दुरुस्ती झाली की दावा अडकतो. काचेवर घसारा (जुनेपणामुळे होणारी किमतीतली घट) कापत नाहीत, पण 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 आणि त्यावरच्या गाडीला 2000 रुपये खिशातून जातात, शिवाय नो क्लेम बोनसला, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीला, धक्का. तो बोनस 50 टक्क्यांवर पोचला असेल तर एका दाराच्या काचेसाठी दावा करणं सहसा परवडत नाही. बॅग-लॅपटॉप साध्या पॉलिसीत येतच नाहीत.

आता मूळ काम. दाराची काच टफन्ड (तापवून कडक केलेली) असते, फुटली की तिचे साखरेच्या खड्यांएवढे तुकडे होतात. निम्मे सीटवर दिसतात, उरलेले दाराच्या पोटात जातात. म्हणून दार साफ होईपर्यंत पॉवर विंडोचं बटण दाबू नका, तुकडे काच वर-खाली करणाऱ्या मशीनमध्ये अडकतात. वाईट फिटर रबराच्या फटीतून नवी काच सरकवतो आणि मोकळा होतो. मग खड्ड्यात दार खुळखुळतं, नव्या काचेवर उभे ओरखडे येतात, आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तुकड्यांनी बुजतात. जूनमध्ये पाणी साचतं, दार आतून गंजतं.

चांगला फिटर पॅड काढतो, आतला प्लास्टिकचा पडदा न फाडता सोडवतो, व्हॅक्यूम लावतो, रबर चॅनेलमधूनही बोट फिरवतो, मग काच क्लॅम्पमध्ये बसवतो. पडदा पुन्हा नीट चिकटवला नाही तर पावसाचं पाणी पायाशी येतं, हे हमखास होतं. पॅडच्या क्लिपा एक-दोन तुटतातच, नव्या बरोबर आणायला आधीच सांगा. काही गाड्यांच्या दारात एअरबॅगचा सेन्सर असतो. जोडणी सुटी असताना इग्निशन चालू केलं की एअरबॅगचा दिवा लागतो. ऑटो-अप (बटण एकदा दाबलं की आपोआप वर जाणारी) काच असेल तर शेवटी ती रीसेट करून घ्या. पैसे देण्याआधी दार जोरात लावून कान द्या: आत तुकडे राहिले असतील तर खुळखुळ ऐकू येते.

काच कुठलीही घ्या, कोपऱ्यात आयएस 2553 चा, म्हणजे सुरक्षा काचेच्या भारतीय मानकाचा, शिक्का हवा.

मागच्या दारापलीकडची छोटी, न उघडणारी काच फुटली असेल तर आमचा कौल बदलतो. ती बहुतेकदा युरेथेन या पक्क्या गोंदाने चिकटवलेली असते, जुना थर कापून काठ साफ करावा लागतो आणि भर पावसात उघड्या पार्किंगमध्ये हे काम धड होत नाही. ही काच शेडमध्येच बसवून घ्या, आणि चिकटवणी पक्की होईपर्यंत बाकीच्या काचा बोटभर उघड्या ठेवून दारं हळू लावा. सगळं बंद असताना दार आपटलं की आतल्या हवेचा दाब थेट त्या ओल्या जोडावर येतो.