बाकीसुद्धा निम्मी करणारं गणिताचं ॲप: काही महिने वापरल्यावर

फोटो काढा, पायऱ्या बघा. असलं ॲप काय करतं हे नववी-दहावीच्या पालकांना सांगायला नको. वर्षाचे पैसे आधीच भरून बसले आहे, म्हणून चिडून लिहितेय.

लेकीला २क्ष³ + ३क्ष² − ४क्ष + ७ ला २क्ष − १ ने भागायचं होतं, संश्लेषक पद्धतीने, म्हणजे नुसते सहगुणक मांडून भागायची छोटी रीत. सहगुणक २, ३, −४, ७ आणि डावीकडे भाजक शून्य करणारी क्षची किंमत, १/२. खालची ओळ २, ४, −२, शेवटी ६. इथवर चोख. आता भाजक क्ष − १/२ नसून त्याच्या दुप्पट आहे, म्हणून भागाकार निम्मा करायचा: क्ष² + २क्ष − १. २ हा गुणक भागाकारातून काढून भाजकाला दिला, दोघांचा गुणाकार तोच राहिला. बाकी त्या गुणाकाराच्या बाहेर, तिला हात लावायचं कारणच नाही. ॲपने मात्र तीही निम्मी केली. उत्तर ३! शेष सिद्धांत सांगतो, भाजक शून्य करणारी किंमत ठेवली की येते तीच बाकी. क्षच्या जागी १/२ ठेवा: पाव अधिक पाऊण, वजा दोन, अधिक सात. सहा. कागदही लागत नाही.

कस्टमर केअरला ताळा करून पाठवला. उत्तर आलं, कॅशे साफ करा, फोटो उजेडात काढा. अहो, फोटो नीटच वाचलाय, म्हणून तर सहापर्यंत पोचलात! परतावा मागितला तर ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’. माझे पैसे त्याहून मोलाचे दिसतात.

नंतरची भर: नव्या अपडेटमध्ये ही चूक गेली, म्हणून एक तारा वाढवतेय. शिवाय गहाळ पदाच्या जागी ते रंगीत शून्य मांडतं, ते खरंच छान आहे. क्ष³ − ५क्ष + २ लिहिताना मुलं मधलं ० हमखास गिळतात आणि पुढचं सगळं ढासळतं. रंग दिसायला लागल्यापासून आमच्याकडे ते थांबलं.

पण क्ष⁵¹ + ५१ ला क्ष + १ ने भागून फक्त बाकी विचारली, तर हे महाशय अख्खा दीर्घ भागाकार मांडत बसले. बोट दुखेपर्यंत स्क्रोल. क्ष = −१ ठेवलं की −१ अधिक ५१, म्हणजे ५०, संपलं. भाजक क्ष² + ३क्ष + ५ सारखा असला की एक किंमत ठेवून भागत नाही, तिथे दीर्घ भागाकार हवाच. तो फुकटच्या आवृत्तीतही होतो, जाहिराती सोसून. ऑटो-पे बंद केलंय.