न दिसणारा ड्रायव्हर की शेजारी बसलेला?

स्पीलबर्गच्या ‘ड्युएल’ (१९७१) या सिनेमात एक टँकरवाला हायवेवर एका कारवाल्याच्या जिवावर उठतो, पण या मारेकऱ्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. दिसतो तो गंजका टँकर, बूट आणि खिडकीबाहेर आलेला हात. तो हात ‘जा पुढे’ अशी खूण करतो आणि ओव्हरटेक करायला जावं तर समोरून गाडी! हायवेवर ट्रकवाल्याच्या हातावर भरवसा ठेवून आपणही गाडी काढतोच की. मग रस्त्याकडेच्या हॉटेलात नायक एकेकाचे बूट न्याहाळत बसतो: यातला कोण? भर उन्हातली ही धास्ती मला जास्त झोंबते.

‘द हिचर’ (१९८६) हा सिनेमा उलट. खुन्याच्या भूमिकेतला रुटगर हाउअर सुरुवातीलाच नायकाच्या गाडीत लिफ्ट घेऊन शेजारच्या सीटवर बसतो. चेहरा, आवाज, हसू, सगळं समोर; कळत नाही ते कारण. फ्रेंच फ्राइजमधलं तुटलेलं बोट अंगावर येतं, पण त्याहून वाईट म्हणजे पोलीस नायकालाच खुनी समजतात. मदत मागायची सोयच उरत नाही. पुढे हेलिकॉप्टर आणि गाड्यांची आदळआपट वाढते, तिथे भीती पातळ होते. रक्तपात सोसत नसेल तर ‘ड्युएल’च बघा.