खुर्ची, तखत की काशाची वाटी? घरच्या मालिशीचं आधी काय ठरवावं

घरी कुणाची तरी पाठ रगडून द्यायची ठरली की बोलणं आधी तेलावर येतं. ग्वाल्हेरात तर हमखास. मुरैना इथून जेमतेम चाळीस किलोमीटर, तो सगळा सरसोंचा, म्हणजे मोहरीचा मुलूख, त्यामुळे कच्च्या घाणीची बाटली घरोघरी असतेच. शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत शिवाय दिवाळीच्या अभ्यंगासाठी आणलेलं तिळाचं तेल उरलेलं असतं. तेलाकडे येऊच, पण त्याचा नंबर माझ्या मते दुसरा. आधी बघायचं ते देणाऱ्याचं शरीर. घरची मालिश अर्ध्यावर सुटते ती बहुतेक वेळा देणारा दमल्यामुळे. दहा मिनिटांत अंगठे भरून येतात, कंबर धरते, आणि मग "बास का?" असं विचारलं जातं. त्यामुळे घेणाऱ्याला कुठे बसवायचं किंवा झोपवायचं, हा प्रश्न खरं तर देणाऱ्याच्या सोयीचा आहे.

सगळ्यात कमी खटाटोप खुर्चीचा. जेवणाच्या टेबलाची, हात नसलेली लाकडी खुर्ची घ्या. घेणारा तिच्यावर उलटा बसतो, खुर्चीच्या पाठीच्या वरच्या कडेवर उशी, उशीवर दोन्ही हात आणि हातांवर कपाळ. प्लॅस्टिकची खुर्ची नको, जोर दिला की ती वाकते नाहीतर सरकते. कपडे काढायचे नाहीत, तेल लागत नाही, चादर खराब होत नाही. मैत्रीण असो, दीर असो, ऑफिसातून आलेला भाऊ असो, कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही. ग्वाल्हेरच्या जानेवारीत, रात्रीचा पारा पाच अंशांच्या आसपास असताना, अंगावरचा स्वेटर काढायला सांगणं हा तसाही अत्याचारच. देणारा मागे उभा असतो, त्यामुळे कोपर सरळ ठेवून नुसतं पुढे झुकलं तरी पुरेसा जोर मिळतो. मान आणि खांद्याचं टोक यांच्यामधला जो जाड स्नायू दिवसभर लॅपटॉपपुढे आखडतो, त्यावर हाताचा पुढचा भाग, म्हणजे मनगट ते कोपर, आडवा ठेवून हळूहळू भार टाकावा. अंगठा लागतच नाही. तानसेन समारोहात डिसेंबरच्या थंडीत रात्र रात्र बसून आलेल्या रसिकाला एवढं पुरतं. कंबर आणि पाय मात्र खुर्चीवर नीट होत नाहीत. कंबरेचं दुखणं असेल तर खुर्चीचा विचार सोडा.

पूर्ण पाठ करायची तर आडवं झोपणं आलं. इथे पलंग, सतरंजी आणि तखत असे तीन मार्ग आहेत, आणि मऊ गादीचा पलंग त्यातला सगळ्यात फसवा. दाब गादीत जातो, देणारा वाकून वाकून स्वतःची पाठ दुखवून घेतो. जोडीदाराला फक्त झोप लागावी म्हणून हलका हात फिरवायचा असेल तर पलंग उत्तम, रगडायला नाही. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर दुहेरी रजई, हे पलंगापेक्षा चांगलं. पण देणाऱ्याला गुडघ्यांवर बसावं लागतं. ज्याचे गुडघे कुरकुरतात त्याने या वाटेला जाऊ नये. जुन्या घरांत बैठकीत तखत, म्हणजे फळ्यांचा लाकडी पलंग असतो, कापसाची कडक गादी घातलेला. माझा कौल त्याला. एक पाय जमिनीवर ठेवून कडेला बसता येतं, दाब वाया जात नाही, आणि उंची हाताला बेताची पडते. फार बुटकं असेल तर एका गुडघ्याखाली लोड घ्यावा.

झोपवल्यावर कपाळाखाली टॉवेलची घडी आणि घोट्यांखाली गुंडाळी द्या, नाहीतर मान एका बाजूला वळवून पडलेला माणूस मालिशीनंतर मानच धरून बसतो. सुरुवात सपाट तळव्यांनी, कंबरेकडून खांद्यांकडे लांब आणि सावकाश, परत येताना हात हलका. स्नायू थोडे ऊबदार झाले की पोळ्यांची कणीक तिंबतो तसं तळव्याच्या टाचेने मळायचं, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. मणक्याच्या हाडावर दाब नको, बरगड्या संपतात तिथे हात हलका, गुडघ्याच्या मागच्या खळग्यात आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला जोर अजिबात नको. हाड मोडल्याचा आवाज काढणं हा घरी करायचा प्रकार नव्हे. वीस-पंचवीस मिनिटं भरपूर झाली.

तिसरा मार्ग काशाच्या वाटीचा, आणि तो फक्त पायांपुरता. तुपाचं किंवा तेलाचं बोट लावून तळपायावर वाटी गोल गोल फिरवायची. घासण्याचं काम वाटी करते, त्यामुळे देणाऱ्याला सगळ्यात कमी श्रम. बारा-तेरा वर्षांचं नातवंडही आजीला करून देऊ शकतं. पाय काळे झाले की "बघ, किती उष्णता निघाली" असं घरातलं वडीलधारं माणूस म्हणणारच. काशे म्हणजे तांबं आणि कथील. तो काळपटपणा धातू, तेल आणि घाम यांच्या घासण्यातून येतो, शरीरातलं काही बाहेर पडून नाही. तरी वाटीचा आराम खरा आहे, त्यासाठी उष्णतेची गोष्ट लागत नाही. मात्र मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर जोर आणि गरमपणा दोन्ही कळत नाहीत. अशा पायांवर वाटी फिरवू नये. आणि तेलकट तळव्यांनी कुणालाही बाथरूमच्या फरशीवर जाऊ देऊ नका. आधी कोरड्या पंच्याने पाय पुसा, मोजे घाला.

मसाज गन, म्हणजे स्नायूंवर भराभर ठोके देणारं हातातलं यंत्र, तेही आता बऱ्याच घरांत आलं आहे. मांडी-पोटरीला ठीक. मानेला आणि हाडांवर नको.

आता तेल. खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली गोठतं, म्हणजे आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाटलीतून चाकूने काढायची वेळ येते. उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसला असताना, तेच सुखाचं. तिळाचं थंडीतही पातळ राहतं, हात छान सरकतो, पण चादरीला डाग पडतो आणि वास रेंगाळतो. जुनं धोतर किंवा लुंगी अंथरा. सरसोंच्या तेलाने जी चुणचुणीत ऊब वाटते ती त्यातल्या तिखट द्रव्यामुळे. त्याच द्रव्याने नाजूक त्वचा लाल होते. लहानपणापासून सवय असलेल्याला चालेल; नव्या माणसाच्या कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस थांबा. तिळाचीही काहींना ॲलर्जी असते, तेव्हा विचारलेलं बरं. थंडीसाठी मी तीळच निवडेन. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, मनगटाच्या आत थेंब टाकून पाहा. पाठीला दोन चमचे पुरतात, जास्त झालं तर हात नुसता घसरतो. अंगठी काढा, नखं कापा.

"जोर बरोबर आहे का?" असं विचारू नका. नव्वद टक्के माणसं भिडेखातर "हो हो" म्हणतात, सासूबाई तर नक्कीच. "अजून जोर देऊ की कमी करू?" असं विचारलं की खरं उत्तर येतं. अंग कडक झालं, श्वास रोखला गेला, तर उत्तराची वाट न बघता हात हलका करा.

दुखत्या जागी हात फिरवल्याने बरं का वाटतं, याचं एक स्पष्टीकरण मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं: स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. म्हणून आराम खरा असतो, पण बहुधा तात्पुरता. महिनोन् महिने दुखणारी कंबर, पायात उतरणारी मुंग्यांची कळ, पडल्यानंतरचं दुखणं, हे डॉक्टरांचं काम. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर ती अजिबात चोळू नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, लगेच दाखवा. ताप, ताजी जखम, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फुगलेल्या शिरा असतील तर मालिश टाळा किंवा आधी विचारा. गर्भवतीला पोटावर झोपवू नका. कुशीवर, हलका हात, तोही डॉक्टरांच्या होकारानंतर.

नवरा-बायकोंत नेहमी निघणारा वाद म्हणजे "आधी तू मला, मग मी तुला". हे जमत नाही. ज्याला आधी मिळते तो अर्ध्या तासात घोरत असतो, आणि उठवला तरी त्याचे हात ढिले पडलेले असतात. एक रविवार एकाचा, पुढचा दुसऱ्याचा, आणि कुणाची पाळी आहे ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण ज्याची देण्याची पाळी असते त्याला ती कधीच आठवत नाही.