सांगलीतली बालवाडी, छोटा गट: वर्षभरात पोरगी काय शिकली

पोरगी यंदा छोट्या गटात होती, विश्रामबागेकडची बालवाडी, मराठी माध्यम. नाव टाकत नाही, खाली फीबद्दल बोलणार आहे आणि पोरीला मोठ्या गटात पण तिथंच पाठवायचंय.

घरात सगळ्यात जास्त वाद झाला तो लिहिण्यावरून. वर्ष संपलं तरी हिला अक्षरं वहीत काढता येत नाहीत. शेजारचा पोरगा इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत, तो स्टँडिंग लाईन स्लीपिंग लाईन करत एबीसीडीवर पोचला, रोज पानभर होमवर्क, आणि आमच्या सासूबाई मला विचारायच्या, अगं मग हे पैसे कशाचे घेतात? तर कशाचे घेतात ते सांगते. माती मळणं, मणी ओवणं, चिमट्यानं राजमा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकणं, कागद फाडून चिकटवणं, महिनोन्महिने हेच चालतं. बाईंनी पालकसभेत सांगितलं की या वयात मनगटाची हाडं अजून पुरती भरलेली नसतात, आधी बोटांत जोर येऊ द्या मग पेन्सिल. अक्षरं आली ती शेवटी शेवटी, रव्याच्या ताटात बोटानं, तीपण अ आ इ पासून नाही तर ग म भ न, कारण वळणं सारखी, एकातनं दुसरं निघतं.

गणित मला जाम आवडलं. शंभरपर्यंत धडाधडा आकडे म्हणणारी पोरं भरपूर बघितलीत, चार चमचे आण म्हटलं की मूठभर घेऊन येतात. हिची गाडी वीसच्या पुढं जात नाही, पण परवा पाहुणे आले तेव्हा पानं मांडताना आपणहून म्हणाली, माणसं सहा आणि पाट पाच, एक कमी पडतोय. बालवाडीत डबा खायला बसताना प्रत्येकापुढं एक रुमाल, एक ताटली मांडायचं काम पोरांकडंच असतं, त्यातनं आलंय हे.

बाकी चपलेचा डावा उजवा, बटणं लावणं, शी-शू वेळेत सांगणं, घसरगुंडीपाशी आपली पाळी येईपर्यंत थांबणं (हे अजून अर्धंच जमतंय). गोष्ट सांगताना बाई मधेच थांबून पुढं काय झालं असेल विचारतात, त्यामुळं आता घरी आम्हाला गोष्ट पुरी करूच देत नाही, शेवट स्वतःच लावते. मार्केट यार्डात हळद बघायला नेलेलं तर आल्यावर दिवसभर फक्त वासाबद्दल बोलत होती.

आणि हे काही नवीन फॅड नाही हो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा शिंपले, बिया, पानं असल्या आजूबाजूच्या वस्तूंवरच पोरं शिकत होती. केंद्राचा ३ ते ८ वयाचा अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला, त्यातही खेळातनंच शिकवा आणि इतक्या लहान पोरांच्या परीक्षा घेऊ नका असंच आहे. तरी नर्सरीच्या प्रगतिपुस्तकावर टक्के छापणारे आहेतच.

आता खटकलेलं. फी सुरुवातीला सांगतात तेवढ्यावर थांबत नाही, ॲक्टिव्हिटीचे वेगळे, स्नेहसंमेलनाच्या ड्रेसचे वेगळे, तेही एकदाच घालायच्या फुलपाखराच्या पंखांचे! वर्गात तीसेक पोरं आणि एक बाई, एक मावशी. मावशी रजेवर असल्या की ओला फ्रॉक तसाच घरी येतो, दोनदा बोलून झालं, फरक शून्य. पावसाळ्यात गेटसमोर रिक्षांची गर्दी आणि चिखल, त्याचं तर बोलूच नका.

ॲडमिशन घ्यायची असेल तर डब्याच्या सुट्टीच्या जरा आधी जाऊन वर्गाच्या दारात उभं राहून बघा, विचारलं तर उभं राहू देतात. ऑफिसातल्या माहितीपत्रकात नुसते रंगीत फोटो आहेत, त्यावरनं काही कळत नाही.