जिन्याच्या लाईटचं वायरिंग: काम भारी, साफसफाई शून्य

तळ, पहिला, दुसरा, तिन्ही मजल्यांवरून जिन्याचे लाईट चालू-बंद व्हायला हवे होते. आधी आलेला म्हणाला दोनच ठिकाणी होतं, जमणार नाही. या वायरमनने खाली-वर टू-वे (दोन ठिकाणांहून एकच लाईट चालवायचे स्विच) आणि मधे चार टर्मिनलचा, म्हणजे वायर जोडायच्या चार जागांचा, इंटरमिजिएट स्विच (तिसऱ्या ठिकाणाहूनही तोच लाईट चालवायला) टाकला, टू-वेंमधल्या दोन्ही वायरी त्यातून नेल्या, फेज स्विचमधूनच आणि न्यूट्रल थेट लाईटला, वर हे सगळं आईला कळेल असं सांगितलं पण. आता कुठूनही दाबा, मस्त चालतंय. फक्त बटण खाली म्हणजे ऑन असं काही राहत नाही, बाबा अजून वैतागतात. इंटरमिजिएट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेना आणि साध्या स्विचपेक्षा बराच महाग पडतो. जुन्या पाईपातून जादा वायर ओढताना प्लास्टर फुटलं ते तसंच सोडून गेला, एक स्टार त्याचाच कापलाय.